दारू सोडण्यासाठी मीटिंगला जायचंय : कुठे शोधायची, आत नेमकं काय होतं?

काठावरचा

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण हे विचारायला माझ्याकडे दुसरं कोणी नाही.

माझं पिणं हाताबाहेर गेलं आहे. नोकरी चालू आहे, घर चालू आहे, वरवर बघणाऱ्याला काही बिघडलेलं दिसणार नाही. पण दुपार कलली की डोक्यात एकच हिशोब सुरू होतो : घरात किती उरली आहे, पुरेल का, नसेल तर जाता जाता घ्यावी लागेल. मला बंद करता येते, बंद ठेवता येत नाही. शपथा घेऊन झाल्या, फक्त सुट्टीच्या दिवशी प्यायचा नियम करून झाला, ब्रँड बदलून झाला. काही आठवडे जातात आणि मी पुन्हा तिथेच.

बायकोशी सगळं बोललोय. ती म्हणाली, "तुम्ही मीटिंगला जा, आल्यावर मी काही विचारणार नाही." म्हणून जायचं ठरवलंय. पण जिना चढायच्या आधीच शंभर शंका आहेत. मीटिंग शोधायची कुठे? नाव-पत्ता लिहून घेतात का? ओळखीचं कोणी समोर बसलेलं असलं तर? उभं राहून सगळ्यांसमोर बोलावंच लागतं का? आणि मी फारसा देवभोळा नाही, तिथे प्रार्थना असते असं ऐकलंय.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा.

शुश्रूषा

काठावरचा, मीटिंगबद्दल जाणते लोक लिहितीलच. मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करते, त्यामुळे त्याआधीचं एक विचारते. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? घाम, मळमळ, छातीत धडधड होते आणि थोडी घेतल्यावर बरं वाटतं, असं आहे का? तसं असेल तर आजच्या आज एकट्याने पूर्ण बंद करू नका. आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

हे घाबरवायला लिहीत नाही. शरीराला रोजच्या दारूची सवय जडली असेल आणि ती अचानक थांबली, तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. त्यानंतर, बहुतेक दोन ते चार दिवसांच्या दरम्यान, काहींना भ्रम होतो : नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं. यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. उपचार मात्र अवघड नाहीत. काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कमी करत नेलेली औषधं, सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. आधी कधी बंद केल्यावर फिट आली असेल तर हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

मीटिंगला जाण्यासाठी मात्र दारू सुटलेली असावी लागत नाही. दोन्ही गोष्टी बरोबरीने चालू शकतात.

काठावरचा

धन्यवाद शुश्रूषाताई. हाताला थोडा कंप असतो. फिट कधी आलेली नाही. उद्या डॉक्टरांची वेळ घेतोय, कंपाचंही सांगतो.

जुनी_वाट

काठावरचा, तुमच्या शंका मी कित्येक नव्या माणसांच्या तोंडून ऐकल्या आहेत, आणि त्या सगळ्या रास्त आहेत. मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये, म्हणजे एएमध्ये, दारू सोडू पाहणाऱ्या माणसांच्या या संघटनेत, बऱ्याच वर्षांपासून आहे. एकेक शंका घेतो.

शोधणं सर्वांत सोपं आहे. एएच्या अधिकृत संकेतस्थळावर देशाप्रमाणे संपर्क दिलेले असतात, बहुतेक मोठ्या शहरांत त्यांची हेल्पलाइन असते. फोन उचलणारा माणूस पगारी नोकर नसतो, तो स्वतः दारू सोडलेला सदस्य असतो. त्यामुळे "मला कसं विचारावं कळत नाही" एवढंच म्हणालात तरी पुढचं तो समजून घेतो. त्याला सांगा, "मी नवा आहे, माझ्याबरोबर कोणी मीटिंगला येईल का?" खूप ठिकाणी कोणीतरी दाराशी थांबून तुम्हाला आत घेऊन जातं. ही सोय फार थोड्यांना माहीत असते, आणि पहिल्या दिवशी तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. पत्ता मिळाला की दिवस आणि वेळ फोनवर एकदा पक्की करून घ्या. यादी जुनी असते, गटाची जागा बदललेली असते, आणि मोठ्या निश्चयाने गेलेला माणूस कुलूप बघून परत येतो. तो पुन्हा निघेलच याची खात्री नसते.

यादीत 'खुली' आणि 'बंद' असे दोन शब्द दिसतील. खुल्या मीटिंगला कोणीही बसू शकतं : घरचे लोक, विद्यार्थी, नुसतं जाणून घ्यायचं असलेले. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. तुम्ही दोन्हीकडे जाऊ शकता. पत्नीला बघायचं असेल तर खुली निवडा.

नोंदवही नसते. आडनाव कोणी विचारत नाही. पहिलं नाव सांगा, तेही सांगायचं नसेल तर नका सांगू. फी नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सदस्य जागेच्या भाड्यापुरते पैसे टाकतात. नव्या माणसाने टाकावेत अशी अपेक्षा नसते. बाहेरची देणगी एए घेत नाही, सरकारची नाही आणि एखाद्या श्रीमंत हितचिंतकाचीही नाही. तो त्यांच्या बारा परंपरांपैकी एक नियम आहे. सदस्य व्हायला एकच अट : दारू सोडायची इच्छा. सोडलेली असली पाहिजे असं नाही, इच्छा हवी.

ओळखीचं कोणी दिसलं तर? तोही त्याच कारणासाठी तिथे आला आहे. आत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, कोण भेटलं तेही नाही. हे लोक किती निष्ठेने पाळतात ते मी पाहिलं आहे. तरीही पहिल्या दिवशी पोटातलं सगळं बाहेर काढण्याची गरज नाही. बसा, माणसं जोखा. विश्वास सावकाश बसू द्या.

बोलावं लागत नाही. तुमची पाळी आली की "आज मी फक्त ऐकतो" म्हणा, पुढचा माणूस बोलायला लागतो. एक जण बोलत असताना बाकीचे मध्ये बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत, "तू असं करायला हवं होतंस" म्हणत नाहीत. प्रत्येक जण स्वतःचं सांगतो. घरी-दारी वर्षानुवर्षं उपदेश ऐकलेल्या माणसाला असं तासभर उपदेशाशिवाय बसायला मिळणं किती मोठं आहे, ते तिथे गेल्यावर कळेल.

आणि शेवटचं, हे मी कळकळीने सांगतो. एका मीटिंगवरून ठरवू नका. गट म्हणजे चपलेसारखा आहे, घालून चार पावलं चालल्याशिवाय कळत नाही. एका ठिकाणी सगळे वयस्कर असतील, दुसरीकडे फक्त पायऱ्यांचा, म्हणजे एएच्या कार्यक्रमातल्या बारा टप्प्यांचा, अभ्यास चालत असेल, तिसरीकडे एकच माणूस अर्धा तास बोलत असेल. निदान पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंगांना बसा. 'हे माझ्यासाठी नाही' असं म्हणायचंच असेल तर ते त्यानंतर म्हणा.

प्रश्नचिन्ह

धागाकर्त्याला शुभेच्छा. पण एक गोष्ट बोलली गेली पाहिजे. एएच्या बारा पायऱ्यांपैकी निम्म्यांत देव किंवा उच्च शक्ती आहे. स्वतःला 'शक्तिहीन' म्हणवून घेण्यापासून सुरुवात होते. हे उपचार आहेत की श्रद्धा? याने फायदा होतो याला पुरावा काय? माझ्या भावाला तिथे पाठवलं होतं, तो दोनदा गेला आणि "भजनी मंडळ आहे" म्हणून परत आला. तो अजून पितो. म्हणून विचारतोय, वाद घालायचा म्हणून नाही.

शुश्रूषा

प्रश्न अगदी योग्य आहे. पुराव्याचं मी सांगते. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था, तिचा २०२० सालचा आढावा आहे, त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ लोक होते. एएला जोडून देणाऱ्या पद्धतशीर उपचारांची तुलना इतर मान्यताप्राप्त उपचारांशी, उदाहरणार्थ विचार-वर्तन उपचारांशी, केली होती. वर्षाच्या शेवटी सलग दारूपासून दूर असलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४२ टक्के होतं, दुसऱ्यात ३५ टक्के. पिण्याचं प्रमाण कमी होणं वगैरे बाबतींत दोन्ही साधारण सारखेच. म्हणजे हा निव्वळ श्रद्धेचा मामला नाही. पण दुसऱ्या बाजूने, वर्षाअखेर निम्म्याहून जास्त लोकांना पूर्ण यश आलेलं नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. कुठलाच एक मार्ग सगळ्यांना पुरत नाही.

आणखी एक. काही गटांत एखादा सदस्य "गोळ्या घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस" असं सांगतो. ऐकू नका. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, असं एएच्या स्वतःच्या साहित्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी औषधं आहेत. डायसल्फिराम घेत असताना दारू प्यायली तर जोरदार त्रास होतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या पूर्ण संमतीनेच घ्यायचं. कोणाच्या जेवणात गुपचूप कालवायचं तर अजिबात नाही, ते जिवावर बेतू शकतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचंही तेच. मीटिंगमध्ये कोणी काही म्हणालं म्हणून औषध बंद करू नका.

जुनी_वाट

प्रश्नचिन्ह, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. देवाबद्दल : तिसऱ्या पायरीत 'आम्हाला समजला तसा देव' असे शब्द आहेत, आणि ते सुरुवातीच्या काळातल्या नास्तिक सदस्यांनी हट्ट धरला म्हणूनच तिथे आले. माझ्या गटात काही जण त्या जागी नुसता गट धरतात : माझ्यापेक्षा मोठी असलेली ही वीस माणसं. शिकागोत १९७५ सालीच अज्ञेयवाद्यांचा स्वतंत्र एए गट सुरू झाला होता. आज प्रार्थना नसलेल्या मीटिंगा बऱ्याच आहेत, ऑनलाइन तर नक्कीच. नेहमीच्या मीटिंगलाही प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तर कोणी हटकत नाही.

'शक्तिहीन' या शब्दावर मीही अडलो होतो. मला पटलेला अर्थ एवढाच : पहिला पेला पोटात गेल्यावर दुसऱ्याचं काय होणार हे मी ठरवू शकत नाही. पहिल्याच्या आधी मात्र पुष्कळ काही करू शकतो, आणि मीटिंग त्यासाठीच असते.

नवी_पाटी

ज्यांना बारा पायऱ्या नकोच आहेत त्यांच्यासाठी लिहितो. मी स्मार्ट रिकव्हरीच्या मीटिंगांना जातो. ही संस्था १९९४ मध्ये सुरू झाली. पाया विचार-वर्तन उपचारांचा. मीटिंग चालवायला प्रशिक्षण घेतलेला माणूस असतो, आणि इथे एकमेकांशी थेट बोलता येतं : प्रश्न विचारतात, उपाय सुचवतात. मला तेच हवं होतं. नुसतं ऐकून उठणं मला जमलं नाही.

एक उदाहरण देतो. आम्हाला कागदाचे चार चौकोन करायला सांगतात : पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, न पिण्याचे फायदे, न पिण्याचे तोटे. पहिला चौकोन रिकामा सोडता येत नाही. 'झोप लागते', 'माणसांत बोलता येतं', 'डोकं शांत होतं', हे प्रामाणिकपणे लिहावं लागतं. मग प्रत्येकासमोर लिहायचं : हा फायदा थोड्या वेळाचा की टिकणारा? माझ्या फायद्यांच्या चौकोनातलं एकही वाक्य रात्रभर टिकणारं निघालं नाही. तो कागद माझ्या पाकिटात असतो.

स्मार्टच्या प्रत्यक्ष मीटिंगा एएइतक्या ठिकठिकाणी नाहीत, ही अडचण खरी आहे. मी मुख्यतः ऑनलाइनच बसतो. लाइफरिंग म्हणून आणखी एक धर्मनिरपेक्ष संघटना आहे. रिकव्हरी धर्मा आहे, ती बुद्धाच्या विचारांवर आणि ध्यानावर उभी आहे. एए आणि यांपैकी एखादी संघटना, दोन्हीकडे एकाच वेळी गेलात तरी कोणी अडवत नाही. माझ्या गटातले निम्मे लोक एएलाही जातात.

अबोली

मी पिणाऱ्याची बायको म्हणून लिहिते. काठावरचा, तुमच्या पत्नीला हा प्रतिसाद वाचायला द्या.

घरच्यांसाठी वेगळा गट असतो, अल-अनॉन. एएचे सहसंस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी लॉइस आणि त्यांच्या एका मैत्रिणीने तो १९५१ मध्ये सुरू केला. पिणाऱ्याच्या किशोरवयीन मुलांसाठी १९५७ पासून अलाटीन आहे. नवरा मीटिंगला जात नसला तरी बायको अल-अनॉनला जाऊ शकते, त्याने सोडलेली नसली तरीही.

मी गेले तेव्हा मला वाटलं होतं की त्याला कसं थांबवायचं ते शिकवतील. तसं काही शिकवत नाहीत. तिथे ऐकलं की हे दुखणं मी निर्माण केलेलं नाही, मला ते आवरता येणार नाही आणि बरंही करता येणार नाही. हे ऐकून मला आधी राग आला, मग त्याच रात्री मी पहिल्यांदा बाटल्या न शोधता झोपले. त्याच्या ऑफिसला "ताप आहे" म्हणून फोन करणं मी बंद केलं. भांडून नाही, नुसतं सांगितलं की यापुढे तुमचा फोन तुम्ही करा.

वहिनींनी "मी काही विचारणार नाही" म्हटलं, हे फार मोलाचं आहे. पण त्यांनाही कुठेतरी बोलायला जागा हवी. घरात मारहाण होत असेल तर मात्र गटाची वाट बघू नये, आधी सुरक्षित ठिकाणी जावं. हे काठावरचा यांच्याबद्दल नाही, वाचणाऱ्या इतर जणींसाठी लिहिलं.

सायली_वेल

इथे सगळे 'तो पितो' असं लिहितायत. मी 'ती' आहे. बाई दारू पिते हे तोंडाने म्हणायलाच मला खूप काळ लागला, कारण पुरुषाला 'व्यसनी' म्हणतात आणि बाईला त्याहून वाईट काहीतरी म्हणतात.

बायकांनी शोधताना 'महिलांची मीटिंग' असं आवर्जून विचारावं. एएमध्ये त्या असतात. विमेन फॉर सोब्रायटी ही वेगळी संघटना १९७० च्या दशकात जीन कर्कपॅट्रिक यांनी सुरू केली. त्यांची धारणा अशी की बाईला अपराधाची आठवण सारखी करून देण्यापेक्षा स्वतःबद्दलचा आदर परत मिळवून देणं जास्त गरजेचं आहे. मला त्यांच्या ऑनलाइन गप्पांमधून उभं राहता आलं.

मिश्र मीटिंगला जाणार असाल तर एक सावधगिरी. बहुतेक सगळे सज्जन असतात. पण क्वचित एखादा जुना सदस्य नव्या मुलीला 'मदत' म्हणून वेगळं गाठायला बघतो. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, बाईच निवडा, रूढ संकेतही तोच आहे. रात्री-अपरात्री घरी सोडायला येतो म्हणणाऱ्याला नकार द्यायला संकोच करू नका, आणि तरी त्रास दिला तर गटातल्या जुन्या बायकांना सांगा. त्यांना हे प्रकार माहीत असतात, त्या गप्प बसत नाहीत.

प्रश्नचिन्ह

शुश्रूषाताई, जुनी_वाट, नवी_पाटी, मनापासून आभार. चार चौकोनांचा कागद भावाला पाठवला. तो काही बोलला नाही, पण फाडलाही नाही. मी स्वतः अल-अनॉनचा पत्ता काढलाय. भावांना चालतं ना तिथे?

अबोली

चालतं. भाऊ, आई, मित्र, कोणालाही. या.

काठावरचा

जाऊन आलो.

आधी डॉक्टरांचं. त्यांनी तपासलं, काही दिवसांची औषधं दिली, ती घरीच पण रोज फोन करायच्या अटीवर. बायको वेळा सांभाळते. कंप गेला आहे, झोप अजून नाही.

मीटिंग. हेल्पलाइनवर जुनी_वाट यांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणालो. एक गृहस्थ खरोखरच फाटकाशी थांबले होते. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं नाही, काय करता तेही विचारलं नाही. खोली साधी, खुर्च्या गोल मांडलेल्या. मी दाराजवळची पकडली, म्हणजे निघता येईल.

सुरुवातीला प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद हातोहात फिरतो, प्रत्येकाने त्यातला एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. तो माझ्याकडे सरकत येत होता तसतशी माझी जीभ कोरडी पडत गेली. माझ्या शेजारी पांढऱ्या मिशांचे एक आजोबा होते. कागद त्यांच्याकडे आला, त्यांनी आपला परिच्छेद वाचला, एक नजर माझ्या हातांकडे टाकली, न थांबता पुढचा परिच्छेदही वाचला आणि कागद माझ्यासमोरून पलीकडच्याला दिला. कोणी वर बघितलं नाही. मला वाटतं, मी पुन्हा तिथे जाईन ते बाकी कशाहीपेक्षा त्या एका गोष्टीसाठी.

मग लोक बोलले. एक जण बोलला ते मला अक्षरशः माझंच वाटलं, दुपारच्या हिशोबासकट. एकाचं बोलणं लांबलं, मला कंटाळा आला, हेही सांगतो. शेवटी सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना म्हटली : जे बदलता येणार नाही ते स्वीकारायला शांती, जे बदलता येईल ते बदलायला धैर्य आणि या दोन्हींतला फरक ओळखायची बुद्धी मागणारी. मी म्हटली नाही, ऐकली. खटकली नाही.

निघताना एका पत्रकाच्या मागे पाच-सहा जणांनी आपापले फोन नंबर लिहून दिले. "प्यावीशी वाटली की प्यायच्या आधी फोन कर." आता अडचण इथे आहे. परवा संध्याकाळी खूप वाटलं. पत्रक समोर ठेवून बसलो आणि फोन झाला नाही. अनोळखी माणसाला काय म्हणून फोन करायचा? त्याच्या घरी जेवणं चालली असतील. वेळ निघून गेली, प्यायलो नाही, पण दर वेळी अशी निघून जाईल असं नाही. आणि हा स्पॉन्सर नेमका कोण असतो?

शुश्रूषा

वा! छान बातमी दिलीत. झोपेचं : सुरुवातीचे काही आठवडे ती विस्कटलेली असणं अपेक्षित आहे. झोपेची गोळी मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

जुनी_वाट

त्या आजोबांना माझा नमस्कार पोचवा.

फोनबद्दल तुम्हाला एक खरी घडलेली गोष्ट सांगतो, कारण एए सुरूच एका फोनपासून झालं. मे १९३५. न्यूयॉर्कचे शेअरदलाल बिल विल्सन यांनी काही महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामाला गेले आणि तो व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत एकटे, एका बाजूला बारमधून येणारा हसण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यांनी चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले. ते उपदेश करणारा कोणी शोधत नव्हते. त्यांना एखादा दारुडा भेटायला हवा होता, ज्याच्याशी बोलता बोलता आपण आजची रात्र न पिता काढू. त्यातून त्यांची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं द्यायचं कबूल केलं आणि दोघे कित्येक तास बोलत बसले. डॉक्टर नंतर पुन्हा एकदा घसरले, आणि १० जून १९३५ नंतर त्यांनी कधी दारू घेतली नाही. तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात.

सांगायचं हे की फोन करणारा त्या वेळी मदत घेतही होता आणि देतही होता. तुम्ही फोन केलात तर माझ्यासारख्याची ती संध्याकाळही जास्त सुरक्षित जाते. आम्ही नंबर भिडेखातर देत नाही. म्हणून आजच, प्यावीशी वाटत नसताना, एक साधा फोन करा. "परवा मीटिंगला भेटलो होतो, नंबर बरोबर आहे का ते बघत होतो." एवढंच. एकदा आवाज ओळखीचा झाला की अडचणीच्या वेळी बोट आपोआप त्या नंबरवर जातं.

स्पॉन्सर म्हणजे तुमच्याआधी या वाटेने गेलेला, पायऱ्या स्वतः केलेला सदस्य. तो तुम्हाला एकेक पायरी समजावत पुढे नेतो. चौथ्या पायरीत स्वतःचा लेखाजोखा लिहायचा असतो, पाचवीत तो दुसऱ्या कोणासमोर मोकळा करायचा. ते बहुतेक जण स्पॉन्सरसमोर करतात. तो डॉक्टर नाही, सावकार नाही, तुमच्या संसारातले निर्णय घेणारा नाही. जो हुकूम सोडायला लागेल किंवा पैसे मागेल त्याला सोडा आणि दुसरा बघा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. घाई नको. कोणाचं बोलणं ऐकून तुम्हाला वाटतं की "याच्याजवळ जे आहे ते मला हवं", त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर बहुधा त्याला वेळ नसेल.

वाचनमात्र_१

फक्त एवढंच लिहायला खाते उघडलं. मी दीड वर्ष सोबर होतो. मीटिंग चुकवायला लागलो, एक, मग दोन, मग जाणंच बंद झालं. गेले काही महिने पुन्हा पितोय. गटातल्यांचे फोन येतात, मी उचलत नाही. माझ्या वर्षपूर्तीला त्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

सायली_वेल

ज्या तोंडाने पहिल्यांदा गेलात त्याच. खरंच सांगते दादा, मी परत गेले तेव्हा सगळ्यांत आधी मिठी मारली ती माझ्याआधी दोनदा परत आलेल्या बाईने. ते दीड वर्ष कोणी खोडू शकत नाही. त्यात जे शिकलात ते अजून तुमच्याजवळच आहे.

जुनी_वाट

वाचनमात्र, ते फोन अजून येतायत. म्हणजे तुमची खुर्ची त्यांनी काढलेली नाही. पुढचा आला की उचला आणि "पितोय" एवढा एकच शब्द सांगा. बाकीचं ते बघतील.

शुश्रूषा

आणि रोज पीत असाल तर वर काठावरचा यांना लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू. मध्ये मोठा खंड पडून पुन्हा सुरू झालं असलं तरी बंद करतानाचा त्रास आधीपेक्षा जास्त होऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा.

काठावरचा

वाचनमात्र, मी अजून अगदीच नवा आहे, सल्ला देण्याची माझी पात्रता नाही. पण माझी मीटिंग ऑनलाइनही असते. हवं तर मी त्या दिवशी असेन, निदान एक चेहरा ओळखीचा असेल.

फोन केला, जुनी_वाट. आजोबांनाच केला. नंबर बरोबर आहे.

वाचनमात्र_१

सगळ्यांचे आभार. सकाळी डॉक्टरांकडे जाईन. प्रत्यक्ष गटात जायचं धाडस आज नाही. आज रात्रीची एक ऑनलाइन मीटिंग सापडली आहे, दुसऱ्याच देशातली, तिथे मला कोणी ओळखत नाही. कॅमेरा बंद ठेवला तर चालतं का?

नवी_पाटी

बहुतेक ठिकाणी चालतं. कुठे कुठे खोडसाळ लोक घुसतात म्हणून आत घेताना क्षणभर चेहरा दाखवायला सांगतात, मग बंद केला तरी हरकत नसते. दोन गोष्टी मात्र आधी करा. ॲपमध्ये तुमचं पूर्ण नाव आणि फोटो आपोआप दिसतो, आत जाण्याआधी सेटिंगमध्ये बदलून नुसतं पहिलं नाव ठेवा. आणि इअरफोन लावा, म्हणजे बाकीच्यांचं बोलणं तुमच्या घरातल्यांना ऐकू जाणार नाही. वेळ त्यांच्या देशाची लिहिलेली असते, आपल्या घड्याळाप्रमाणे किती वाजता येते ते आत्ताच बघून घ्या. दहा मिनिटं आधी जा, यजमान तेव्हा नव्या माणसांशी बोलतात.